लॉगआउट करताना स्क्रिप्ट आपोआप चालवायची आहे (लिनक्स मिंट, सिनॅमन)

दांडियाबाजारकर, बडोदे

सर्वांस नमस्कार. दांडिया बाजारातील एका लहान मराठी वाचनालयात मी रोज सायंकाळी दोन तास सेवा म्हणून काम करतो. बँकेतून निवृत्त झालो आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही, परंतु वाचून जे जमते ते करतो. वाचनालयात तीन जुने संगणक असून तिन्हींवर लिनक्स मिंट २१ ही संगणकप्रणाली आणि सिनॅमन डेस्कटॉप आहे. दोन संगणक वाचकांसाठी आहेत आणि त्यांवर 'वाचक' हे एकच सामाईक खाते आहे. तिसरा देवघेवीच्या टेबलावर असतो, त्यावरील खात्याचे नाव 'कार्यालय' आहे. याशिवाय दुरुस्तीसाठी माझे 'व्यवस्थापक' हे खाते तिन्हींवर आहे.

वाचकांच्या संगणकांवर बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरण्यासाठी येतात. आधार कार्ड, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सहीचे छायाचित्र असे सर्व काही ती मोबाइलमधून किंवा मेलमधून उतरवून घेतात, अर्ज भरतात, छापील प्रत घेतात आणि निघून जातात. फाइली मात्र तेथेच राहतात. मागच्या महिन्यात एका मुलीच्या आधार कार्डाची फाइल दुसऱ्या मुलाने चुकून स्वतःच्या अर्जाला जोडली. तिचे वडील वाचनालयात येऊन जे बोलले त्यातला एकही शब्द मला खोडून काढता आला नाही. म्हणून 'वाचक' खात्यातून कोणी लॉगआउट केले की उतरवलेल्या फाइलींचा फोल्डर आपोआप रिकामा व्हावा, ही पहिली गरज आहे.

दुसरी गरज टेबलावरच्या संगणकाची आहे. देवघेवीची नोंद लिबरऑफिस कॅल्कच्या एका फाइलीत असते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आम्ही टेबलांवर खुर्च्या मांडून त्यांवर चढवले होते. तेव्हापासून या फाइलीची एक प्रत रोज पेन ड्राइव्हवर घेऊन ती ग्रंथपालबाईंच्या पर्समधून इमारतीबाहेर जावी, असे ठरले आहे. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभे केले, तेथे आमची नोंदवही पर्सच्या कप्प्यात प्रवास करते हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण वस्तुस्थिती ती आहे.

मी केलेले प्रयत्न असे. 'बॅश-लॉगआउट' नावाची जी लपलेली फाइल प्रत्येक खात्याच्या घरात असते, तिच्यात फोल्डर रिकामा करण्याची आज्ञा लिहिली. काहीही झाले नाही. चाचणी म्हणून माझ्या 'व्यवस्थापक' खात्याच्या त्याच फाइलीत तारीख आणि वेळ एका मजकूर फाइलीत लिहून ठेवणारी एक ओळ घातली. ती मजकूर फाइल आजवर तयारच झालेली नाही. 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये फक्त लॉगिनच्या वेळी चालणारे कार्यक्रम लावता येतात. शेवटी डेस्कटॉपवर 'काम संपले' असे एक चिन्ह ठेवले, ज्याने आधी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालते आणि मग लॉगआउट होते. पण मुले सवयीने मेन्यूतूनच बाहेर पडतात. अशी स्क्रिप्ट लावण्याची नेमकी जागा कोणती, हे कोणी सांगू शकेल काय?

मकरपुरा_रात्रपाळी

काका, आपल्या आज्ञांत दोष असण्याचे कारण नाही. ती फाइल वाचणारा कोणी आपल्या डेस्कटॉपवर नसतो, एवढेच. बॅश-लॉगआउट ही फाइल बॅश हे शेल (टंकलेल्या आज्ञा चालवणारा कार्यक्रम) वाचते, आणि तेही लॉगिन शेल म्हणून सुरू झालेले बॅश बंद होत असेल तरच. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबा, काळ्या पडद्यावर खात्याचे नाव आणि पासवर्ड देऊन आत जा, मग 'एक्झिट' असे टंकून बाहेर पडा. ती हमखास चालेल. डेस्कटॉपवरून मात्र आपण लाइटडीएम या लॉगिन व्यवस्थापकामार्फत आत जातो. तो सिनॅमनचे सत्र उभे करतो आणि सत्र संपले की पुन्हा लॉगिनचा पडदा आणतो. या वाटेवर बाहेर पडताना बंद होणारे लॉगिन बॅश कोठेच येत नाही. टर्मिनलची खिडकी उघडली तरी तिच्यातले बॅश सहसा लॉगिन शेल नसते, त्यामुळे ती बंद करूनही उपयोग होत नाही.

सत्र केव्हा संपले हे ज्याला नक्की ठाऊक असते त्या लाइटडीएमलाच काम सांगावे. 'ईटीसी'मधील 'लाइटडीएम' फोल्डरात 'लाइटडीएम डॉट कॉन्फ डॉट डी' असा उपफोल्डर असतो (नसेल तर तयार करावा). त्यात शेवटी 'डॉट कॉन्फ' असलेली कोणत्याही नावाची एक फाइल करा आणि तिच्यात दोनच ओळी लिहा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'सीट', अपूर्णविराम आणि तारांकन. दुसऱ्या ओळीत 'सेशन-क्लीनअप-स्क्रिप्ट', बरोबरचे चिन्ह आणि आपल्या स्क्रिप्टचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता. जुन्या लेखांत पहिल्या ओळीत 'सीटडिफॉल्ट्स' असे दिसेल. ते जुन्या आवृत्त्यांचे आहे. हे सर्व शब्द मी येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे; टंकताना ते रोमन लिपीत टंकावेत, आणि विभागाच्या नावातले पहिले अक्षर सोडून बाकी सर्व लहान अक्षरांत.

आता सावधगिरी, कारण ही स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालते. रूटला कोणी अडवत नाही. फाइली पुसणाऱ्या 'आरएम' या आज्ञेच्या पुढे आपण एखादे चल (व्हेरिएबल) दिले आणि काही कारणाने ते रिकामे निघाले, तर पत्ता अर्धवट राहून भलताच फोल्डर साफ होतो. ही कथा ज्याने एकदा अनुभवली तो पुन्हा चलावर विसंबत नाही. म्हणून खात्याच्या घराचा पत्ता चलात न ठेवता पूर्ण लिहावा. लाइटडीएम स्क्रिप्टला 'यूझर' या चलातून खात्याचे नाव देतो. ते नाव 'वाचक' असेल तरच पुढे जावे, अन्यथा आपण स्वतः दुरुस्तीसाठी आत-बाहेर केलेत तरी झाडू फिरेल. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यावी, पहिल्या ओळीत शेलचा पत्ता असावा, आणि ती रूटच्या मालकीची असावी, नाहीतर 'वाचक' खात्यातले एखादे हुशार पोर तीत वाटेल ते लिहून रूट होईल. स्क्रिप्ट चालत असताना पडदा नसतो, त्यामुळे काय घडले ते कळावे म्हणून शेवटी 'लॉगर' या आज्ञेने एक ओळ प्रणालीच्या नोंदीत टाकावी. नंतर 'जर्नलसीटीएल'मध्ये ती सापडते.

लष्करवाला, ग्वाल्हेर

मकरपुऱ्याच्या मित्रांनी सांगितलेली जागा बरोबर आहे, परंतु टेबलावरच्या संगणकासाठी रूट कशाला हवा? स्वतःच्या फाइलीची स्वतःच्या पेन ड्राइव्हवर प्रत घेणे हे त्या खात्याचे खासगी काम आहे, आणि त्यासाठी सिस्टमडी (पार्श्वभूमीतील सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र कारभारी देते.

खात्याच्या घरातील 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात 'सिस्टमडी', त्यात 'यूझर', आणि त्यात 'डॉट सर्व्हिस' शेपटीची एक फाइल करावी. तिच्या 'सर्व्हिस' विभागात तीन ओळी पुरतात: टाइप वनशॉट, रिमेन-आफ्टर-एक्झिट होय, आणि एक्झेक-स्टॉपपुढे स्क्रिप्टचा पत्ता. 'इन्स्टॉल' विभागात वाँटेड-बाय डिफॉल्ट डॉट टार्गेट लिहावे आणि 'सिस्टमसीटीएल'ला 'यूझर' हा पर्याय देऊन ती सर्व्हिस 'इनेबल' करावी. सुरू होताना ही सर्व्हिस काहीच करत नाही, नुसती जागी राहते. थांबवली गेली की एक्झेक-स्टॉप चालते. मधली ओळ विसरू नये. ती नसेल तर सिस्टमडी ही सर्व्हिस सुरू करायलाच नकार देते; आणि वर एक्झेक-स्टार्टची ओळही दिलेली असेल तर सर्व्हिस ते काम होताक्षणी संपते आणि संपताना एक्झेक-स्टॉप चालवते, म्हणजे लॉगआउटची स्क्रिप्ट लॉगिनलाच चालून मोकळी होते. मी यात एक रविवार घालवला आहे.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. हा कारभारी खात्याचे शेवटचे सत्र संपल्यावर थांबतो. त्याच खात्यातून दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने कोणी आत असेल, किंवा त्या खात्यासाठी 'लिंगर' (सत्र नसतानाही कारभारी जागा ठेवणे) चालू केलेले असेल, तर डेस्कटॉपवरून बाहेर पडूनही तो जागाच राहतो. आणि तो लगेच थांबत नाही, मूळ मांडणीप्रमाणे दहा सेकंद वाट पाहतो, कोणी पुन्हा लॉगिन करील म्हणून. तोवर पडद्यावर लॉगिनची चौकट आलेली असते. त्यामुळे स्क्रिप्टमधून एखादी खिडकी उघडून संदेश दाखवण्याची आशा ठेवू नये. स्क्रिप्टला थांबण्यासाठी मिळणारा वेळही अमर्याद नाही, सर्वसाधारणपणे ९० सेकंदांनंतर तिचा गळा आवळला जातो. पण एका कॅल्क फाइलीला एवढा वेळ लागणार नाही.

केडीई_प्रेमी

विषयाला धरून एक लहान भर. सिनॅमनचा आग्रह नसेल तर केडीई प्लाझ्मामध्ये ही सोय घरचीच आहे. सेटिंगमध्ये 'ऑटोस्टार्ट' उघडले की लॉगआउटची स्क्रिप्ट जोडण्याचा पर्याय तेथेच मिळतो. एक्सएफसीईच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीत कार्यक्रम केव्हा चालावा हे निवडता येते आणि त्यात लॉगआउट हा एक प्रसंग असतो. नोम वापरणाऱ्यांना अशी चौकट मिळत नाही. तेथे लॉगिन व्यवस्थापक जीडीएम असतो आणि त्याच्या 'पोस्टसेशन' फोल्डरातील 'डिफॉल्ट' ही फाइल सत्र संपल्यावर, अर्थात रूट म्हणूनच, चालते.

दांडियाबाजारकर, बडोदे

दोघांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले, तिन्ही संगणक दोन आठवडे चालवून पाहिले, आणि जे आढळले ते जसेच्या तसे लिहितो.

वाचकांच्या पहिल्या संगणकावर साफसफाई पहिल्या दिवसापासून झाली. दुसऱ्यावर नोंदीत 'साफ केले' अशी ओळ येत होती आणि फोल्डर मात्र भरलेलाच राहत होता. दोन संध्याकाळी डोके खाजवल्यावर लक्षात आले की हा संगणक मी सुरुवातीपासून मराठीत मांडला होता, त्यामुळे त्यावर 'डाउनलोड' हा फोल्डर मराठी नावाने, देवनागरीत तयार झाला आहे; माझी स्क्रिप्ट इंग्रजी नावाचा, अस्तित्वातच नसलेला फोल्डर रोज मनापासून साफ करत होती. 'आरएम'ला सक्तीचा पर्याय दिला असल्यामुळे फोल्डर नाही म्हणून त्याने कुरकुरही केली नाही.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. लॉगआउट करून कोणी उठले तर सर्व ठीक असते. परंतु निम्मी मुले मेन्यूतून थेट 'शट डाउन' करतात. तेव्हा कधी स्क्रिप्ट चालते, कधी नाही. आणि दुपारी वीज गेली की काहीच चालत नाही, हे तर उघडच आहे. आमच्याकडे इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत.

टेबलावरच्या संगणकाची हकीकत सांगायला संकोच वाटतो. पेन ड्राइव्ह नेहमी एकाच ठिकाणी दिसावा म्हणून मी 'कार्यालय' खात्याच्या घरात 'प्रत' असा एक फोल्डर करून त्यावर तो माउंट करण्याची (जोडण्याची) ओळ 'एफस्टॅब' या प्रणालीच्या फाइलीत लिहिली होती. सर्व्हिस रोज चालत होती, नोंदीत रोज यश दिसत होते. परवा घरी नेलेला पेन ड्राइव्ह माझ्या संगणकाला लावून पाहिला तर त्यात अकरा दिवसांपूर्वीची फाइल. बाकीच्या दिवसांच्या प्रती 'प्रत' फोल्डरातच, म्हणजे त्याच संगणकाच्या डिस्कवर, मूळ फाइलीच्या शेजारी सुखाने बसल्या होत्या. काही दिवशी पेन ड्राइव्ह माउंट झाला नव्हता. आणि काही दिवशी, लष्करवाल्यांनी सांगितलेल्या दहा सेकंदांच्या आत, लॉगिनची चौकट दिसताच बाईंनी तो काढून पर्समध्ये टाकला होता. बाईंची चूक नाही, मीच त्यांना 'हा पडदा आला की काढा' असे सांगितले होते.

मकरपुरा_रात्रपाळी

काका, आपण हे सविस्तर लिहिलेत हे फार बरे झाले, कारण यावरून माझ्या पहिल्या उत्तरातली उणीव मला दिसली. मी आपल्याला लॉगआउटची जागा दाखवली, पण आपल्याला नेमके काय हवे आहे हे विचारले नाही. मागच्या वाचकाच्या फाइली पुढच्या वाचकाला दिसू नयेत, एवढेच आपल्याला हवे आहे. मग साफसफाई मागचा उठताना होवो की पुढचा बसताना, काय फरक पडतो? आणि बसताना होणारी साफसफाई चुकवता येत नाही. मधे वीज जावो, शट डाउन होवो, कोणी रागाने बटण दाबून धरो. पुढच्या वाचकाला लॉगिन करावेच लागते.

लाइटडीएममध्ये यासाठी 'सेशन-सेटअप-स्क्रिप्ट' अशी जुळी ओळ आहे. तीही रूट म्हणून चालते, परंतु सत्र सुरू होण्यापूर्वी. तीच स्क्रिप्ट दोन्ही ओळींत दिली तरी चालेल, तथापि खरा भरवसा या दुसरीवर ठेवावा. आणखी एक कारण आहे. डेबियन आणि उबंटूच्या कुळात, म्हणजे मिंटमध्येही, लॉगआउटनंतर वापरकर्त्याचे रेंगाळलेले कार्यक्रम सक्तीने मारण्याची पद्धत ठेवलेली नाही. सिस्टमडीने २०१६ साली २३० या आवृत्तीत ती मूळ मांडणी केली होती आणि त्यावर बराच गदारोळ झाला. या कुळाने ती बंदच ठेवली. त्यामुळे आपण मागून झाडत असता आणि न मेलेला फायरफॉक्स पुढून फाइली लिहीत असतो, असे घडू शकते. संगणक नुकताच सुरू झाला असेल तर लॉगिनपूर्वी 'वाचक'चा असा कोणी जिवंत नसतो.

आता काय झाडायचे त्याविषयी. फक्त उतरवलेल्या फाइलींचा फोल्डर रिकामा करून त्या मुलीच्या वडिलांचे समाधान होऊ नये असे मला वाटते. ती फाइल कोणी हटवली असेल तर ती कचरापेटीत असते. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत तिचे नाव असते. आणि 'कॅश'मधील लघुचित्रांच्या फोल्डरात आधार कार्डाचे छोटे छायाचित्र, मूळ फाइल गेल्यावरही, तसेच पडून असते. आपण स्वतः उघडून पाहावे, चेहरे ओळखू येतात. ब्राउझरमधले मेलचे उघडे सत्र तर याहून वाईट. एकेक जागा शोधून पुसत बसण्यापेक्षा संपूर्ण घरच नव्याने मांडावे.

त्यासाठी 'वाचक' खात्यात एकदा शिरून मराठी कळफलक, पार्श्वचित्र, फायरफॉक्सचे पहिले पान असे सर्व मनासारखे लावा आणि बाहेर पडा. मग 'व्यवस्थापक' खात्यातून, रूटच्या अधिकाराने, ते घर जसेच्या तसे 'ऑप्ट' फोल्डरात 'नमुना' या नावाने उतरवून ठेवा. प्रत घेताना मालकी टिकवणारा पर्याय द्या, म्हणजे नमुन्यातल्या फाइलीही 'वाचक'च्याच राहतील. सेटअप स्क्रिप्टमध्ये आरसिंक ही (एक फोल्डर दुसऱ्यासारखा करणारी) आज्ञा 'ए' आणि 'डिलीट' या पर्यायांसह नमुन्याकडून घराकडे चालवावी. नमुन्यात नाही ते घरातून जाते, बदललेले पूर्ववत होते. फोल्डराचे नाव इंग्रजी की मराठी हा प्रश्नही उरत नाही.

येथे एका तिरक्या रेघेवर सर्व अवलंबून आहे. नमुन्याच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. ती असेल तर आरसिंक नमुन्याच्या आतल्या वस्तू घरात मांडतो. ती नसेल तर 'नमुना' हा फोल्डरच उचलून घराच्या आत ठेवतो. त्या वेळी घरातले बाकीचे तो पुसत नाही, त्यामुळे वरवर काही बिघडलेले दिसत नाही, फक्त साफसफाई होत नाही आणि घरात एक अनोळखी फोल्डर दिसू लागतो. आधी 'ड्राय-रन' पर्याय देऊन काय काय जाणार आहे ते वाचून घ्यावे. मुलांना मात्र सूचना लावावी लागेल की या संगणकावर काही जपून ठेवू नये.

टेबलावरच्या संगणकाबाबत माझे मत आता उलटे आहे. तेथे लॉगआउटचा नाद सोडावा आणि आपण मुलांसाठी केले होते तसे बटण द्यावे. मुलांकडून बटण दाबले जात नाही कारण त्यांना घाई असते आणि फाइल आपली नसल्यासारखी वाटते. बाईंचे तसे नाही, त्यांना पेन ड्राइव्ह हातात घेऊनच निघायचे आहे. वस्तू माणसाने उपसून न्यायची असेल तर 'आता काढा' हे त्या माणसाला कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि सत्र संपल्यावर ते सांगायला पडदाच नसतो. बटणामागच्या स्क्रिप्टने प्रथम 'माउंटपॉइंट' या आज्ञेने पेन ड्राइव्ह खरोखर जोडलेला आहे की नाही हे तपासावे आणि नसेल तर मोठ्या अक्षरांत तसे सांगून थांबावे. ही एक तपासणी असती तर आपले अकरा दिवस वाचले असते. मग प्रत घ्यावी, पेन ड्राइव्ह अनमाउंट करावा, आणि अनमाउंट यशस्वी झाल्यावरच 'आता काढा' ही खिडकी दाखवावी. प्रत घेणारी आज्ञा संपली म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर उतरली असे होत नाही; काही भाग मेमरीत थांबलेला असतो आणि अनमाउंट त्याला खाली उतरवते.

लष्करवाला, ग्वाल्हेर

मान्य. टेबलावरच्या संगणकासाठी मी सुचवलेली सर्व्हिस मागे घेतो, मात्र तिच्या जागी सिस्टमडीचा टाइमर लावून दर तासाला त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरात तारीख-वेळेच्या नावाने एक प्रत घ्यावी, ही सूचना ठेवतो. पेन ड्राइव्ह पुरासाठी आहे. चुकून स्तंभ पुसला गेला तर तासाभरापूर्वीची फाइलच उपयोगी पडते. जुन्या प्रती काही दिवसांनी काढून टाकायला विसरू नये.

दांडियाबाजारकर, बडोदे

नमुना घर लावले. वाचकांच्या पहिल्या संगणकावर मुद्दाम एका मित्राच्या वीजबिलाची फाइल उतरवली, तिचे लघुचित्र तयार होऊ दिले, आणि भिंतीवरचा स्विच बंद केला. पुन्हा सुरू करून 'वाचक'मधून आत गेलो तेव्हा फाइल नाही, लघुचित्र नाही, कचरापेटी रिकामी. अतिशय समाधान वाटले.

ते दहा मिनिटे टिकले. त्यानंतर 'व्यवस्थापक' खात्यातून आत जाऊ लागलो तर पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनची चौकट समोर येते. पाच-सहा वेळा केले. 'वाचक'मधून आत जाता येते, माझ्या खात्यातून येत नाही. आणि दुरुस्तीचे अधिकार तर माझ्याच खात्याला. स्क्रिप्टची शेवटची ओळ अशी आहे की खाते 'वाचक' आहे काय हे तपासावे आणि असेल तर आरसिंक चालवावा. मी 'वाचक' नाही, त्यामुळे काहीच घडायला नको होते.

मकरपुरा_रात्रपाळी

त्या ओळीतच उत्तर आहे, आणि हे मी आधी लिहायला हवे होते. स्क्रिप्ट संपताना तिच्या शेवटच्या आज्ञेचा निकाल हाच स्क्रिप्टचा निकाल ठरतो. आपल्या खात्यासाठी 'वाचक आहे काय' या तपासणीचे उत्तर नकारार्थी येते, तेच शेवटचे ठरते, आणि लाइटडीएम समजतो की सेटअप स्क्रिप्ट अयशस्वी झाली. सेटअप स्क्रिप्ट अयशस्वी झाली तर तो सत्र सुरू न करता लॉगिनच्या पडद्यावर परत पाठवतो. क्लीनअप स्क्रिप्टमध्ये हाच दोष असता तर आपल्याला कळलाही नसता. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी स्वतंत्र ओळीत 'एक्झिट ०' लिहावे.

आत जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, एफ३. त्या वाटेवर लाइटडीएम येत नाही.

दांडियाबाजारकर, बडोदे

झाले. काळ्या पडद्यावरून आत गेलो, नॅनो या मजकूर संपादकात ती एक ओळ जोडली, कंट्रोल-ऑल्ट-एफ७ने परत येऊन माझ्या खात्यातून आत गेलो, आणि दुसऱ्या संगणकावरही तोच बदल केला. टेबलावरच्या संगणकावर 'नोंदवही पर्समध्ये' या नावाचे बटण लावले आहे. नाव बाईंनीच सुचवले. तासाचा टाइमर या रविवारी लावीन.

एक राहिले. काळ्या पडद्यावरून निघताना मी 'एक्झिट' टंकले होते. आज पाहतो तो 'व्यवस्थापक' खात्याच्या घरात एक नवी मजकूर फाइल आहे आणि तिच्यात एकच ओळ, काल सायंकाळची ७ वाजून ४२ मिनिटांची. बॅश-लॉगआउटमधली माझी पहिली चाचणी, दीड महिन्याने का होईना, चालली.